टपालवाहकाचे तिकीट आणि कापलेला लिफाफा : स्थानिक टपालाच्या दुर्मीळ तिकिटांच्या इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची गणना करताना ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दफ्तरे यांचा उल्लेख आवर्जून होतो. टपालाच्या तिकिटाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. तिकिटे जमविणे हा शाळकरी मुलांचा छंद, नाहीतर श्रीमंतांची हौस, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. या समजुतीमुळे संग्राहकांनी मिळविलेले मोठे ज्ञान इतिहासाच्या अभ्यासकापर्यंत पोहोचले नाही आणि अभ्यासकाचे प्रश्न संग्राहकापर्यंत गेले नाहीत.

प्रस्तुत लेखाचा विषय ‘स्थानिक टपालाची तिकिटे’ हा आहे. देशव्यापी सरकारी टपालाची घडी बसण्यापूर्वी, अथवा ती बसल्यानंतरही तिच्या शेजारी, एखादे शहर, एखादा जिल्हा किंवा एखादे संस्थान यांच्या हद्दीपुरते जे टपाल चालत असे, त्याची ही तिकिटे होत. अमेरिकेतील न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील अशी तिकिटे जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. आपल्या बाजूला त्यांच्या सर्वांत जवळची उदाहरणे म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यातील सिंध डाक, पुण्याच्या दक्षिणेचे भोर संस्थान आणि नागपुराहून ज्याचा कारभार पाहिला जाई त्या मध्य प्रांतातील नांदगाव संस्थान. ही तिकिटे दुर्मीळ का झाली, हा प्रश्न बाजारभावाच्या अंगाने नेहमी विचारला जातो. येथे तो वेगळ्या अंगाने विचारावयाचा आहे. तिकीट येण्यापूर्वी पत्र कोणी नेले हे पत्रावरच लिहिलेले असे. तिकीट आले आणि पत्र नेणारा माणूस कागदावरून पुसला गेला. स्थानिक तिकिटे ही या दोन अवस्थांच्या मधली खूण आहे. आणि ती खूण लिफाफ्यावर असेल तरच वाचता येते.

जासूद, काशीद आणि अजुरदार

पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी मुळातून चाळला आहे त्यांना जासूद, काशीद, हरकारे ही मंडळी नवीन नाहीत. जासूद बहुधा जोडीने जात; एक वाटेत आजारी पडला अथवा मारला गेला तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, ही त्यामागील व्यावहारिक दृष्टी. ‘अजुरदार’ हा शब्दही या पत्रांत भेटतो. अजुरा म्हणजे मजुरी. ठरावीक मजुरी देऊन पाठविलेला तो अजुरदार. पत्र कोणाबरोबर पाठविले, कधी निघाले, किती दिवसांत पोहोचावयास हवे, मजुरी येथे दिली की तेथे द्यावयाची, अशा गोष्टी पत्राच्या मजकुरातच येत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पावती, तिकीट आणि शिक्का हे तिन्ही पत्राच्या पोटात होते.

सावकार व व्यापारी यांची व्यवस्था याहून वेगळी होती. हुंडीचा व्यवहार पत्रावर अवलंबून असल्यामुळे माळवा, राजपुताना व मध्य हिंदुस्थान या भागांत व्यापाऱ्यांनी आपापल्या डाका चालविल्या. त्यांना ‘महाजनी डाक’ असे नाव पडले. भाव आणि हुंडीची सूचना प्रतिस्पर्ध्याच्या आधी मिळणे हाच तिचा मुख्य हेतू असल्यामुळे तिचा वेग राजाच्या डाकेपेक्षा कमी असून चालत नसे.

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने आपल्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा अधिकार स्वतःकडे राखून घेतला. खाजगी डाका बेकायदेशीर ठरल्या. त्या वेळचे सरकारी दर पाहिले म्हणजे व्यापारी स्वतःची डाक का चालवीत होते हे कळते. दर अंतरावर होता. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडे, आग्र्यास बारा आणे. मुंबई-कलकत्ता डाक नागपूर, रायपूर, संबळपूर या मार्गाने जात असल्यामुळे भोसल्यांची राजधानी या सरकारी व्यवस्थेच्या वाटेवरच होती. परंतु १८३७ मध्ये नागपूर हा कंपनीचा मुलूख नव्हता, रघूजी तिसरे यांचे राज्य होते. त्यामुळे मक्तेदारीचा कायदा येथल्या सावकारी पेढ्यांना त्यांच्या स्वतःच्या गल्लीत लागू नव्हता. खानदेशाची हद्द ओलांडली की प्रश्न निराळा. इतवारीतल्या पेढीवरून निघालेले पत्र कोणत्या हद्दीत कायदेशीर व कोणत्या हद्दीत बेकायदेशीर, हे त्या पत्राकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी ते कोणत्या वाटेने गेले हे ठाऊक असावे लागते.

न्यूयॉर्कची शहर-डाक

याच सुमारास अमेरिकेत उलट परिस्थिती होती. तेथे शहरा-शहरांमधील टपाल सरकार चालवीत असे, पण ते पत्र टपाल कचेरीपर्यंतच येई. घरापर्यंत पत्र पोहोचविणाऱ्या माणसाला पगार नसे, तो प्रत्येक पत्रामागे घरमालकाकडून वेगळे पैसे घेई. एकाच शहरातल्या एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पत्र धाडावयाचे तर सोय जवळजवळ नव्हतीच. ही उणीव हेरून १ फेब्रुवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर ग्रेग याने ‘सिटी डिस्पॅच पोस्ट’ सुरू केली. शहरात ठिकठिकाणी पेट्या बसविल्या, जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राचे तीन सेंटांचे चिकट तिकीट काढले आणि माणसे नेमून पत्रे घरोघर वाटली. इंग्लंडमध्ये रोलंड हिलच्या योजनेनुसार ‘पेनी ब्लॅक’ तिकीट मे १८४० मध्ये वापरात आले होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत हे घडले. अमेरिकी सरकारचे सर्व देशासाठीचे पहिले तिकीट १ जुलै १८४७ रोजी आले, म्हणजे खाजगी तिकीट सरकारी तिकिटाहून पाच वर्षांनी थोरले आहे. ग्रेगची डाक त्याच वर्षी, ऑगस्ट १८४२ मध्ये, सरकारने विकत घेतली आणि मालक असलेला ग्रेग सरकारी टपालवाटप्यांत दाखल झाला!

पुढील वीस वर्षांत अनेक शहरांत अशा डाका निघाल्या. संग्राहक त्यांची दोन गटांत विभागणी करतात. सरकारी टपाल खात्याशी बांधलेल्या वाटप्यांची तिकिटे ती ‘कॅरिअर’ तिकिटे. १८५१ मध्ये सरकारने काढलेली फ्रँकलिनच्या चित्राची व गरुडाच्या चित्राची तिकिटे ही या वर्गातील. स्वतंत्र खाजगी डाकांची ती ‘लोकल’ तिकिटे. न्यूयॉर्कमधील बॉइड आणि फिलाडेल्फियातील ब्लड ही त्यांतील गाजलेली नावे. फिलाडेल्फियाच्या डाकेचे एक तिकीट या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यावर राजा नाही, राष्ट्राध्यक्ष नाही, चिन्ह नाही. पत्रांची पिशवी घेतलेला एक टपालवाला शहरातल्या इमारतींवरून लांब ढांगा टाकीत चालला आहे, असे ते चित्र आहे. डाक म्हणजे हा माणूस आणि त्याचे पाय, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते.

ब्लडच्या डाकेवर सरकारने खटला भरला तेव्हा १८६० मध्ये न्यायालयाने निकाल डाकेच्या बाजूने दिला. मग १८६१ मध्ये कायदाच बदलण्यात आला. शहरांतील रस्ते हे सरकारी टपालमार्ग ठरले आणि खाजगी वाटपाचा आधार गेला. १८६३ मध्ये मोठ्या शहरांत सरकारने घरोघर विनामूल्य वाटप सुरू केले. ही तिकिटे दुर्मीळ होण्याचे पहिले कारण हे असे कायद्यात आहे. त्यांचे आयुष्यच थोडे होते, हद्द लहान होती, आणि बंद झालेल्या डाकेची उरलेली तिकिटे कोणी जपून ठेवण्याचे कारण नव्हते.

सिंध डाक

आता आपल्याकडे वळू. सिंध १८४३ मध्ये इंग्रजांनी जिंकले आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्यास जोडण्यात आले. १८५० मध्ये तेथे कमिशनर म्हणून आलेला बार्टल फ्रिअर हा मराठी वाचकांना अपरिचित नसावा. तो साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तल्यावर आणि सातारा खालसा झाल्यावरही काही काळ तेथील कारभार त्याच्याच हाती होता. पुढे १८६२ ते १८६७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईची तटबंदी पाडून शहर मोकळे करणारा गव्हर्नर म्हणून त्याचे नाव राहिले. सिंधमधील टपालाचे त्याचे काम त्यामानाने विस्मरणात गेले.

सिंधू नदीच्या काठाने पसरलेल्या त्या मुलखात वस्ती विरळ, अंतरे मोठी. फ्रिअरने पायी डाकेऐवजी घोडे व उंट यांची योजना केली, आणि कराचीचा पोस्टमास्तर कॉफी याच्या साह्याने अर्ध्या आण्याच्या एकाच दराची जिल्हा डाक सुरू केली. १ जुलै १८५२ रोजी तिचे तिकीट वापरात आले. आशिया खंडातील हे पहिले चिकट टपाल तिकीट होय. सबंध हिंदुस्थानासाठी नव्हे, इलाख्यासाठीही नव्हे, केवळ एका प्रांताच्या डाकेसाठी ते निघाले होते. म्हणजेच, ज्याला आपण देशाचे आद्य तिकीट म्हणून मिरवतो ते वस्तुतः स्थानिक टपालाचे तिकीट आहे.

त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. आकार गोल. कडेला पट्ट्यासारखी चौकट, तीत ‘सिंध डिस्ट्रिक्ट डॉक’ ही अक्षरे. मध्ये हृदयाच्या आकाराची आकृती, तिचे तीन भाग आणि त्या भागांत ईस्ट इंडिया कंपनीची तीन आद्याक्षरे. ही कंपनीची व्यापारी खूण. मालाच्या गठ्ठ्यांवर मालकी दर्शविण्यासाठी मारली जाणारी. कंपनीचा व्यापार १८३३ च्या सनदेने संपुष्टात आला होता, परंतु गठ्ठ्यावरची खूण तिने पत्रावर आणून बसविली. ढांगा टाकणारा टपालवाला आणि गठ्ठ्याची खूण ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. दोन व्यवस्थांचा स्वभाव त्यांत उतरला आहे.

सिंध डाकेची तिकिटे तीन प्रकारची आढळतात : लाखेसारख्या तांबड्या पापुद्र्यावरील, पांढऱ्या कागदावरील आणि निळी. तांबडा पापुद्रा ठिसूळ. घडी पडताच तडकणारा, पिशवीत घासताच कपचे उडणारा. पांढऱ्या कागदावर रंगाशिवाय उठविलेली आकृती दिव्याच्या उजेडात दिसणे कठीण. निळे सर्वांत सोयीचे. १८५४ मध्ये सर्व हिंदुस्थानाची तिकिटे आली आणि सिंध डाकेची तिकिटे रद्द झाली. सव्वादोन वर्षांचे आयुष्य, लहान मुलूख, ठिसूळ द्रव्य आणि मग सरकारी आज्ञा. तांबडे तिकीट अखंड स्थितीत, मूळ पत्रावर पाहावयास मिळणे किती दुर्लभ, हे निराळे सांगावयास नको. जी उरली त्यांतील बहुतेक सुटी आहेत, आणि सुट्या तिकिटावरून ते कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेले हे कळत नाही.

१८५४ : नागपूरचे वर्ष

टपालाच्या चौकशीसाठी १८५० मध्ये नेमलेल्या त्रिसदस्य समितीच्या शिफारशींवर डलहौसीच्या सरकारने १८५४ चा कायदा केला. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेब संपला आणि वजनाचा सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, मग पत्र कामठीस जावो की कलकत्त्यास. अर्ध्या आण्याचे निळे, एक आण्याचे तांबडे, चार आण्यांचे तांबडे-निळे अशी तिकिटे कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्यात कॅप्टन थुलियर याच्या देखरेखीखाली दगडावर छापली गेली. त्यांना गोंद नव्हता, छिद्रांची ओळही नव्हती. टपालबाबू कात्रीने कापून देई आणि गिऱ्हाईक खळीने चिकटवी. चार आण्यांच्या तिकिटाची आकृती अष्टकोनी असल्यामुळे पुष्कळांनी ते कडेकडेने अष्टकोनी कापले. चौकोनी कापलेले, चारी बाजूंना कागद राखलेले तिकीट म्हणूनच आज अधिक मोलाचे.

नागपूरच्या वाचकास हे वर्ष दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे निपुत्रिक वारले आणि मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. राज्य गेल्यानंतर सात महिन्यांच्या आत नवे तिकीट आले. एकाच गव्हर्नर-जनरलने दोन्ही आज्ञा काढल्या. महाल व इतवारीतील रहिवाशांच्या दृष्टीने सरकारी टपालाची मक्तेदारी आणि अर्ध्या आण्याचे स्वस्त पत्र या दोन गोष्टी एकाच दारातून आल्या. यात केवळ जुलूम पाहणे एकांगी ठरेल. ज्याला जासूदाचा अजुरा परवडत नव्हता त्याला अर्ध्या आण्यात काशीपर्यंत पत्र पाठविता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आमच्या इतिहासलेखनात १८५४ म्हटले की दत्तकाचा प्रश्न आणि राजवाड्यातील जवाहीर एवढेच येते. त्याच वर्षी सामान्य माणसाच्या पत्राचे काय झाले याची चर्चा दिसत नाही.

भोर, नांदगाव आणि हद्दीवरची पत्रे

सर्व देशाचे तिकीट आल्यावर स्थानिक तिकिटे संपली असे मात्र झाले नाही. संस्थाने होती. ग्वाल्हेरसारख्या काही संस्थानांनी इंग्रज सरकारशी करार करून सरकारी तिकिटांवर आपले नाव छापून घेतले. ती तिकिटे हिंदुस्थानभर चालत. इतर संस्थानांची तिकिटे त्यांच्या हद्दीबाहेर निरुपयोगी. अमेरिकेतील शहर-डाकेशी तुलना करावयाची तर ती या दुसऱ्या वर्गाशी.

पंतसचिवांच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचे व एका आण्याचे तिकीट काढले. छापखाना नाही, देशी कागदावर हाताने ठसा उठवून काम भागविले. त्यामुळे एक तिकीट दुसऱ्यासारखे नाही. कोठे शाई जास्त, कोठे ठसा तिरपा. संग्राहकांच्या सूचींत ही तिकिटे एक-दोन ओळींत उरकली जातात. भोरच्या डोंगरी मुलखात पावसाळ्यात घाट चढून पत्र नेणाऱ्या माणसाचा विचार त्या ओळींत येणे शक्य नाही. तो विचार आपल्याकडच्या अभ्यासकांनी करावयाचा होता.

नांदगाव, म्हणजे आजचे छत्तीसगडमधील राजनांदगाव, हे नागपूरच्या अधिक जवळचे उदाहरण. ही जमीनदारी भोसल्यांच्या काळातील, आणि राज्यकर्ते बैरागी महंत. गादी बापाकडून मुलाकडे नव्हे, गुरूकडून शिष्याकडे जाई. महंत घासीदास यांना १८६५ मध्ये संस्थानिक म्हणून मान्यता मिळाली. रायपूरचे १८७५ चे वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आजही चालू आहे. त्यांच्यानंतरचे बलरामदास यांच्या कारकिर्दीत, १८९० च्या दशकाच्या आरंभी, नांदगावने अर्ध्या आण्याचे निळे आणि दोन आण्यांचे गुलाबी तिकीट काढले. काही तिकिटांवर महंत बलरामदास या नावाची आद्याक्षरे लंबवर्तुळात छापलेली आढळतात. हा सारा खटाटोप तीन-चार वर्षांत आटोपला. १८९५ च्या सुमारास संस्थानाचे टपाल सरकारी खात्याकडे गेले.

प्रश्न असा की नांदगावला तिकीट काढण्याची गरज तरी काय होती? नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे १८८० च्या दशकातच राजनांदगावपर्यंत पोहोचली होती. म्हणजे सरकारी टपाल गाडीने दारापर्यंत येत होते. संस्थानी डाक चालावयाची ती रेल्वेपासून आतल्या गावांकडे, जेथे गाडी जात नव्हती आणि माणसाला चालावे लागत होते. याहून एक रोकडी शक्यताही नाकारता येत नाही. त्या काळात युरोप व अमेरिकेतील संग्राहक हिंदी संस्थानांच्या तिकिटांवर तुटून पडले होते, आणि तिकीट विकून येणारा पैसा पत्र पोहोचविण्याच्या खर्चाशिवाय मिळत होता. नांदगावची सुटी तिकिटे त्यामानाने सहज मिळतात. खरोखर टपालातून गेलेले, पत्त्यासहित पाकीट मात्र फार थोडे. या दोहोंतील अंतर पुरेसे बोलके आहे. लेखकाच्या मते नांदगावच्या तिकिटांचा निर्णय अशा पाकिटांवरूनच व्हावयाचा आहे. ती पाकिटे आतल्या कोणत्या गावांची आहेत हे पाहिल्यावाचून ही डाक खरी किती आणि दिखाऊ किती, हे सांगू नये.

हद्दीवरच्या पत्रांचा येथे ओझरता उल्लेख करावासा वाटतो. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. पैनगंगेपलीकडे निजामाचा मराठवाडा. निजाम सरकारची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती आणि त्यांपैकी काहींवर इंग्रजी, फारसी, तेलुगू यांच्याबरोबर मराठी अक्षरेही असत. ती नदीच्या अलीकडे चालत नसत. नदी एक, दोन्ही तीरांवर सोयरीक एक, आणि तिकिटे दोन.

संग्राहकाची कात्री

दुर्मीळतेचे दुसरे कारण कायदा नव्हे, कात्री. १८६० नंतर तिकिटे जमविण्याची लाट युरोप-अमेरिकेत उसळली, तेव्हा संग्रहासाठी हवे असे ते केवळ तिकीट. वहीत चौकटी छापलेल्या असत. पाकिटाला तेथे जागा नव्हती. म्हणून तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे, नाहीतर कापून घ्यायचे. मागणी वाढली तशा नकला वाढल्या. न्यूयॉर्कमध्ये स्वतः शहर-डाक चालविणारा जॉर्ज हसी हा बंद पडलेल्या डाकांच्या तिकिटांच्या प्रतिकृती छापून संग्राहकांना विकू लागला, तर बोस्टनचा टेलर याने नकली तिकिटांचा कारखानाच काढला. खरे तिकीट आणि त्याची नक्कल यांचा निवाडा करण्यास उत्तम साक्षीदार म्हणजे मूळ पाकीट, आणि नेमका तोच साक्षीदार नाहीसा करण्यात आला होता.

आपल्याकडे कलकत्त्यास १८९७ मध्ये फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या अभ्यासकांनी १८५४ च्या तिकिटांचे दगड, छाप आणि कागद यांचा इतका बारीक अभ्यास केला की नाणकशास्त्रज्ञांनी हेवा करावा. मुंबईच्या जाल कूपर यांनी पुढे तिकिटावरून दृष्टी हलवून त्यावर मारलेल्या शिक्क्यांकडे नेली. सुरुवातीच्या हिंदी शिक्क्यांवरील त्यांचे काम आजही आधारभूत मानले जाते. शिक्का म्हणजे गाव आणि तारीख. गाव आणि तारीख मिळाली की मार्ग मिळतो, आणि मार्ग मिळाला की तो तुडविणारा माणूस. हा माणूस सरकारी तिकिटावर यावयास मात्र १९३७ साल उजाडले. सहाव्या जॉर्जच्या त्या मालिकेत दोन आण्यांच्या तिकिटावर धावणारा हरकारा आहे. त्याच मालिकेत बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि विमानही आहे. डाक आगगाडीने व विमानाने जाऊ लागल्यावर हरकाऱ्याला चित्रात जागा मिळाली.

पत्रे नेण्याचा सरकारचा जो राखीव अधिकार १८३७ मध्ये सांगितला गेला आणि १८९८ च्या टपाल कायद्यातही कायम राहिला, तो २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने सोडून दिला. हा कायदा जून २०२४ पासून अमलात आला. टपाल तिकीट काढण्याचा अधिकार तेवढा सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. पत्र कोणीही न्यावे, तिकीट मात्र सरकारचे, ही स्थिती ग्रेगच्या न्यूयॉर्कच्या नेमकी उलट आहे.

इतवारीतील एक गठ्ठा

एम. फिल.च्या प्रबंधाचे काम करताना प्रस्तुत लेखकास इतवारीतील एका जुन्या पेढीच्या कागदांचा गठ्ठा पाहावयास मिळाला. पेढी कधीच बंद झालेली. कागद माळ्यावरून उतरविलेले, रद्दीवाल्याकडे जाण्याच्या बेतात. त्यांत मोडीतील साठ-सत्तर पत्रे होती; मुंबई, हिंगणघाट, अमरावती या ठिकाणांहून आलेली, कापसाच्या व्यवहाराची. त्या काळी पाकिटाचा वापर कमी. लिहिलेलाच कागद घडी घालून बाहेरच्या बाजूस पत्ता लिहीत. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या एका कोपऱ्यात चौकोनी खिडकी होती. घरातील कोणा मुलाने काही पिढ्यांपूर्वी तिकिटे कापून घेतली होती. त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार लेखकास नाही. लहानपणी आजीच्या पितळी वाडग्यात पाणी घेऊन आजोबांच्या कार्ड-पाकिटांवरची तिकिटे सोडविण्याचे काम त्यानेही मोठ्या उत्साहाने केले आहे.

कापलेल्या तिकिटाबरोबर शिक्क्याचा अर्धा भाग गेला होता, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते असे की कागद एकच असल्यामुळे आतल्या बाजूचा मजकूरही त्या चौकोनात गेला होता. एका पत्रात गासड्यांची संख्या शिल्लक आहे, भाव शिल्लक आहे, पुढे ‘हुंडी रुपये’ इतके शब्द आहेत आणि मग भोक आहे. दुसऱ्यात कोणाच्या तरी आजाराचे वृत्त आहे. आजारी कोण, ते नाव खिडकीत गेले. तिकीट कोणत्या तरी वहीत सुरक्षित असेल, आणि त्याच्या पाठीमागे शाईचे दोन-तीन उलटे फाटे दिसत असतील. वहीच्या मालकाने त्यांना डाग समजून नापसंत केले असण्याचा संभव आहे.

त्या गठ्ठ्यात एक पत्र अखंड होते. त्यावर तिकीट कधी नव्हतेच, म्हणून कात्रीने ते सोडून दिले होते. कामठीहून इतवारीपर्यंतचे लहानसे काम. नव्या सरकारी टपालाच्या काळातील तारीख, आणि तरीही माणसाकरवी पाठविलेले. बाहेरच्या बाजूस पत्त्याखाली मोडीत एक ओळ आहे : ‘हस्ते’ असे लिहून एका माणसाचे एकेरी नाव, आडनावाशिवाय, आणि पुढे ‘पोहोचल्यावर दीड आणा देणे’. त्याखाली दुसऱ्या हाताने, निराळ्या शाईत, ‘दिला’ असा शेरा आहे.